मातीने उसवलेली शिवण

माणसाला नाव आईबाप देतात, बिरुद मात्र शेजारपाजार देतो. नाव जन्मतः मिळते. बिरुद हाताने मिळवावे लागते. त्या रस्त्यावरच्या शिंप्याने असे एक बिरुद मिळवले होते. त्यांना सारे 'पक्के मास्तर' म्हणत, आणि ते इतक्या दीर्घ सवयीने, की एकदा नव्या पोस्टमनने 'पक्के' हे आडनाव समजून पलीकडच्या गल्लीतल्या कुणा पक्क्यांचे पार्सल त्यांच्या दुकानात आणून दिले होते.

दुकान अरुंद होते. दोन माणसांना एकमेकांस ओलांडायचे झाले तर एकाने श्वास आत घ्यावा. दाराशी पायमशीन, मशीनच्या उजवीकडे कापायचे टेबल, टेबलावर खडू, कात्री आणि कित्येक वर्षांच्या हाताळणीने आकडे पुसट झालेली लाकडी पट्टी. दारावर मास्तरांच्या वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी होती : 'शिवण उसवल्यास पुन्हा शिवून दिली जाईल.' हे वचन पाळण्याचा प्रसंग मुलावर कधीच आला नव्हता. एकदा एक गृहस्थ फाटका सदरा घेऊन तावातावाने आले. मास्तरांनी तो उजेडाकडे धरला, शांतपणे न्याहाळला आणि म्हणाले, "कापड फाटलंय. शिवण बघा, जशीच्या तशी आहे." ते गृहस्थ भांडायला आले होते; शिवणीची तारीफ करीत परत गेले.

काज आणि बटणे मास्तरांच्या सहधर्मचारिणी करीत. त्यांना सारा रस्ता काकू म्हणे. सुईला टोक एकाच बाजूला असते. काकूंच्या बोलण्याला ते दोन्ही बाजूंना होते.

रस्त्याच्या शेवटी एक संशोधन संस्था होती. दुमजली इमारत, मागे तारेचे कुंपण घातलेली विस्तीर्ण मोकळी जागा. तिथे मातीचा अभ्यास करणाऱ्या एक बाई मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्यांच्या कोटाच्या खिशांत नेहमी ओले नमुने असत आणि तरीही मास्तरांनी शिवलेले ते खिसे कधी फाटले नव्हते. कदाचित त्यामुळेच असेल, एके सकाळी त्या बारीक नायलॉनच्या जाळीचा तागा काखेत घेऊन दुकानात आल्या.

"मास्तर, पिशव्या शिवायच्यात. तळहाताएवढ्या."

"एवढ्याशा पिशवीत मावणार काय, बाई? बटणं?"

"वाळलेली पानं. पानं भरायची, तोंड शिवायचं आणि पुरायची."

"लोक हंडे पुरतात," काज घालता घालता काकू म्हणाल्या, "तुम्ही पाचोळा पुरा."

बाई हसल्या आणि स्टूल ओढून बसल्या. त्यांनी जे सांगितले ते असे : माती आपले एक काम मुकाट्याने करीत असते. गळलेले पान ती खाते, पचवते आणि पुन्हा झाडाला देते. वाहते पाणी गाळणे, हवा शुद्ध राखणे, फुलाचे फळ होऊ देणे ही सारी अशीच कामे. त्यांना शास्त्रात निसर्गाच्या सेवा म्हणतात, कारण त्यांवर आपले जगणे चालते आणि त्या थांबल्याशिवाय त्यांची आठवण होत नाही.

"घरात मीही तेच करते," काकू म्हणाल्या. "माझ्यावर कुणी संशोधन केलं नाही."

"चिमूटभर मातीत इतके जीव असतात, काकू, की कोण कुणाला खातं आणि कुणाच्या जिवावर कुणाचं चालतं, हे अजून नीट उलगडलेलं नाही. एक हलवला की दहा हलतात. म्हणून एका देशाचं बघून भागत नाही. आम्ही तीन देशांनी मिळून हे करायचं ठरवलंय. एक बर्फाचा देश, एक धो धो पावसाचा आणि तिसरे आपण. पिशव्या तिन्हीकडे एकाच खोलीवर पुरायच्या, ठरल्या वेळी उकरायच्या आणि पान किती उरलं ते वजन करायचं."

"मग त्यांच्याकडे शिंपी नाहीत?" मास्तरांनी विचारले.

"आहेत की. पण पानं एकाच झाडाची, जाळी एकाच ताग्यातली आणि शिवण एकाच हाताची हवी. फरक पडला तर तो मातीचा पडावा, शिंप्याचा नको."

'एकाच हाताची' हे शब्द मास्तरांच्या अंतःकरणात कोठे जाऊन बसले, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हते. मात्र त्यांनी जाळीचा तागा बाईंच्या हातून अलगद, एखादे वस्त्र घ्यावे तसा घेतला.

तीन बाजू मशीनवर शिवल्या गेल्या. त्यासाठी संस्थेने नायलॉनच्या दोऱ्याची रिळे दिली होती आणि मास्तरांनी ती निमूट वापरली. चौथी बाजू निराळी. पाने वजन करून आत भरल्यावर तोंड शिवायचे होते, आणि मशीनखाली दाबली तर कोरडी पाने चुरडली असती. म्हणून मास्तर संस्थेच्या एका खोलीत खिडकीजवळ बसून, बोटावर अंगुस्तानाची धातूची टोपी चढवून, ती तोंडे हाताने शिवू लागले. तिथे नायलॉनचा दोरा त्यांना पटेना. त्याची गाठ गुळगुळीत. बसते आणि सुटते. ज्याची गाठ सुटते त्याच्यावर विश्वास कसा टाकावा? मास्तरांनी खिशातून आपला सुती दोरा काढला, दुहेरी केला आणि वडील तंबूंच्या कडा शिवताना करीत तसा मेणाच्या वडीवरून ओढून घेतला. 'दोरा मजबूत हवा' एवढेच त्यांना सांगितलेले होते, आणि त्यांच्या जगात याहून मजबूत दोरा नव्हता. बाई येता-जाता ते पाहत होत्या. "मेणाचा वास किती छान येतो हो," असेही एकदा म्हणाल्या.

आपल्या वाट्याच्या पिशव्या संस्थेच्या आवारात पुरल्या गेल्या; बाकीच्या डब्यांत भरून समुद्र ओलांडून गेल्या. त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, मग ते पायजम्याची नाडी घालून घ्यायला आलेले का असेना, आपल्या शिवणीचा परदेशप्रवास ऐकावा लागे.

"स्वतः कधी गावाबाहेर गेले नाहीत," काकू गिऱ्हाइकांना सांगत, "पण टाके विमानात बसले."

महिने लोटले. मग एका सकाळी बाई दुकानात आल्या त्या स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या. त्यांनी कागदात गुंडाळलेली एक वस्तू कापायच्या टेबलावर ठेवली. संस्थेच्या आवारात पुरलेली ती पिशवी होती. तीन बाजू शाबूत होत्या. चौथ्या बाजूला मात्र पिशवीने आ वासला होता, आणि आत पानांऐवजी मातीची ढेकळे होती.

मास्तरांनी चष्मा पुसला. पिशवी उजेडाकडे धरली. ज्या उजेडात त्यांनी आजवर इतरांचे दावे खोटे पाडले, त्याच उजेडात त्यांना आपल्या दोऱ्याचे काळपट, कुजलेले तंतू दिसले. बोट लावताच ते भुकटी होऊन गळून पडले.

"उसवली," ते म्हणाले. त्या दुकानात तो शब्द पाटीवर होता. तोंडून प्रथमच निघाला.

"मास्तर, चूक माझीही आहे. मी डोळ्यांनी बघत होते. दोरा म्हणजे कापूस, कापूस म्हणजे झाडच. मातीला पान काय आणि दोरा काय, सारखंच. एवढं मला कळायला नको? मी वासाची तारीफ करत बसले!"

"बाकीच्या?"

"पावसाच्या देशातल्या सगळ्या अशाच. बर्फाच्या देशाचं उद्या कळेल. उद्या पडद्यावर तिघांची बैठक आहे. तुम्ही या."

मास्तरांना वाटले, यापेक्षा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे. पण धरणीने या प्रकरणात आधीच जे घेतले होते ते पाहता तिच्याकडे आणखी काही मागण्याची सोय नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साध्या नायलॉनच्या दोऱ्याने जे निभले असते, ते उत्तम दोऱ्याने बिघडले. बर्फाच्या देशातून काहीही कळले तरी तीन देशांच्या पहिल्या फेरीची तुलना वाया गेली होती. आणि दारावर वडिलांची पाटी होती.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून संस्थेत गेले. काकूही गेल्या, त्यांना कुणी बोलावले नव्हते, त्यामुळे त्या वेळेच्या आधी पोहोचल्या. लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर दोन चौकटी. एकीत पांढऱ्या दाढीचे, जाड स्वेटर घातलेले एक आजोबा. दुसरीत पावसाच्या देशातल्या, सतत हसणाऱ्या एक मध्यमवयीन बाई. त्यांच्या मागच्या खिडकीत तेव्हाही पाऊस कोसळत होता. बोलणे परभाषेत चाले आणि आपल्या बाई मधूनमधून मास्तरांना ते सांगत.

पावसाच्या देशातल्या बाईंनी आपली पिशवी दाखवली. तिला तोंड होते की नाही असा प्रश्न पडावा. दोऱ्याचा मागमूस नव्हता. मास्तरांनी मान खाली घातली.

मग आजोबांनी आपली पिशवी पडद्याजवळ आणली. ती जशी गेली तशीच होती. चारही बाजू बंद, टाके एका ओळीत, मेणाची चकाकीही थोडी शिल्लक. आजोबांनी ती दोन्ही हातांनी ताणून दाखवली. मग अधिक जोरात ताणली. मग ते काहीतरी म्हणाले आणि बाई हसू आवरीत म्हणाल्या, "ते म्हणतायत, हा माणूस माझ्या शहरात असता तर माझ्या स्वेटरची ही दशा झाली नसती." आजोबांनी कोपर वर केले, तिथे भोक होते.

"बघा," काकू हळूच म्हणाल्या, "थंडीत तुम्ही पक्केच आहात."

त्या चेष्टेने मास्तर सावरले न सावरले तोच पडद्यावरचे आजोबा गंभीर झाले. ते हातातल्या पिशवीकडे पाहत राहिले, मग समोरच्या बाईंच्या पिशवीकडे. मग दोघे एकदमच बोलू लागले, आणि त्यात आपल्या बाईही शिरल्या. तिघांच्या बोलण्याला असा काही वेग आला, की मास्तरांना वाटले, आता यांचे भांडण होणार. अखेरीस बाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"मास्तर, वजनं गेली ती गेली, त्याला इलाज नाही. पण एक गोष्ट हाती आलीय. दोरा तोच, हात तोच, टाका तोच. पावसात नाहीसा झाला, आपल्याकडे कुजला, बर्फात टिकला. म्हणजे माती किती भराभर काम करते हे त्या दोऱ्यानेच दाखवलं. आता दुसऱ्या फेरीत पिशव्या नायलॉनच्या दोऱ्याने बंद करायच्या. आणि प्रत्येकीबरोबर जाळीच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून पुरायच्या. साध्या सुती दोऱ्याने, बिनमेणाच्या. ती शिवण कधी सुटते ते तिघांनी बघायचं. आणि तिन्हीकडची शिवण तुमच्याच हाताची हवी. तुम्ही नाही म्हणालात तर हा भाग सोडून द्यावा लागेल, असं आजोबा म्हणतायत."

मास्तर उभे राहिले. सदरा नीट केला.

"बाई, त्यांना सांगा, पिशव्या सगळ्याच्या सगळ्या मी पुन्हा शिवून देईन. पाटीवर तसं लिहिलंय. पण उसवावी म्हणून शिवण घालायची, हे माझ्याच्याने होणार नाही. आमच्या घरात ते शिकवलेलं नाही."

बाईंनी ते सांगितले. आजोबांनी ऐकले, हातातली पिशवी हळूच बाजूला ठेवली आणि आदराने मान हलवली. कारागिराचा नकार कळायला त्यांना भाषांतराची गरज पडली नसावी.

घरी परतताना काकू बोलल्या नाहीत. हे इतके असाधारण होते की मास्तरांनी दोनदा मागे वळून त्या येत आहेत ना याची खात्री केली.

पुढचे काही दिवस मास्तर दुकानात खाली मान घालून शिवत बसत. एकदा तर त्यांनी पाटी खाली उतरवली, पुसली आणि ती पुन्हा टांगावी की भिंतीकडे तोंड करून ठेवावी याचा बराच वेळ विचार केला. शेवटी टांगली, पण वर पाहिले नाही.

एका दुपारी ते एका गिऱ्हाइकाचा कोट पुरा करीत होते. बाह्या बसल्या होत्या, कॉलर बसली होती, आणि आता ते कापडावरचे पांढरे कच्चे टाके सुईच्या टोकाने उचलून ओढून काढीत होते. लांब लांब दोरे निघत होते आणि जमिनीवर पडत होते. काकू समोर बटणे लावीत होत्या.

"काय करताय?"

"दिसत नाही? कच्चे टाके काढतोय."

"घातले कुणी?"

"मी. दुसरं कोण घालणार?"

"काढायचेच होते तर घातले कशाला?"

"अगं, एवढी वर्षं या दुकानात बसतेस! कच्चा टाका घातल्याशिवाय बाही कुठे बसते ते कळतं का? आधी कच्चं घालायचं, गिऱ्हाइकाच्या अंगावर बघायचं, मग..."

मास्तरांचा हात थांबला.

"आणि तुमच्या घरात," काकूंनी दोरा दाताने तोडला, "पोराला सुई हातात दिली की पहिला टाका कोणता शिकवतात म्हणे?"

मास्तरांनी हातातल्या पांढऱ्या दोऱ्याकडे पाहिले. वडिलांनी त्यांना शिकवलेला पहिला टाका कच्चाच होता. चिंधीवर तो घालायचा, वडिलांनी पाहायचा आणि ओढून काढायचा; पुन्हा घालायचा, पुन्हा काढायचा. आपण आयुष्यभर पक्क्या टाक्यांचा मान मिरवला, आणि ज्यांच्या आधाराने ते सरळ पडले ते कच्चे टाके रोज केरात झाडून टाकले, हे त्यांना त्या दुपारी उमगले. मातीचे कामही याहून निराळे कोठे होते? तीही पानाला पान ठेवीत नाही. ठेवले तर पुढचे झाड कशावर उभे राहावे?

"अहो, मातीलाही ट्रायल घेऊ द्या एकदा," काकू म्हणाल्या. "बिचारी कधीची तुमच्या दारात गिऱ्हाईक म्हणून उभी आहे."

"चप्पल कुठे गेली माझी?" मास्तर म्हणाले, आणि कोट तसाच टाकून संस्थेकडे निघाले.

संस्थेच्या त्याच खोलीत दुसऱ्या फेरीची तयारी सुरू झाली. पिशव्यांची तोंडे आता नायलॉनने शिवायची होती, आणि त्या निसटत्या गाठीवर मास्तरांनी उपाय काढला : गाठीचे टोक मेणबत्तीच्या ज्योतीला क्षणभर दाखवायचे, म्हणजे ते वितळून गाठीवरच बसते. ते झटपट जमले. अवघड गेल्या त्या पट्ट्या. उत्तम टाका घालण्याची सवय झालेल्या हाताला बेताचा टाका घालणे ही तपश्चर्याच. शेवटच्या टाक्यावर त्यांचा हात आपसूक दुसऱ्या फेऱ्यासाठी वळे, आणि शेजारी बसलेल्या काकू दुकानातून आणलेल्या लाकडी पट्टीने त्यावर टिचकी मारत.

"एकच."

"सवयीने गेला गं."

"सवय दुकानात ठेवून या. आणि खिशात काय आहे?"

"कुठे काय?"

"मेण काढा."

मास्तरांनी मेणाची वडी काढून टेबलावर ठेवली. खिडकीजवळ बसलेल्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

पट्ट्या गेल्या, पुरल्या गेल्या आणि आपापल्या मातीत आपले प्राक्तन भोगू लागल्या. मास्तरांचे मात्र दुकानात चित्त लागेना. पूर्वी शिवण टिकेल ना ही त्यांना चिंता नसे. आता ती सुटेल ना या चिंतेने ते व्याकूळ झाले. संस्थेच्या कुंपणाजवळून जाताना ते उगाच रेंगाळत. पाऊस पडला की खूश होत. ऊन लांबले की आकाशाकडे पाहून कुरकुर करीत. काकू म्हणत, "शेत नाही, पेरणी नाही, आणि शेतकऱ्यासारखे ढग बघतात."

बैठकीचा दिवस आला. तीच खोली, तोच पडदा. पावसाच्या देशातल्या बाईंनी दोन पट्ट्या दोन हातांत धरून दाखवल्या. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध उरला नव्हता. पिशवी मात्र चारही बाजूंनी बंद होती, आणि त्यांनी आतल्या उरल्यासुरल्या पानांचे वजन वाचून दाखवले. आपल्या बाईंनी संस्थेच्या आवारातली पट्टी उचलली. ती अर्धी जोडलेली होती. हलवताच राहिलेला दोरा निमूट सुटला. त्यांचीही पिशवी पक्की, वजनही हाती. मास्तरांच्या मुखावर असा आनंद पसरला, की कुणा अनोळखी माणसाला वाटावे, यांच्या घरी लग्न ठरले आहे.

मग सारे पडद्यातल्या आजोबांकडे वळले. आजोबांनी स्वेटरची बाही मागे सारली. कोपराचे भोक आता मोठे झाले होते. पिशवी दाखवली, वजन सांगितले. आणि नंतर किंचित अपराध्यासारखे होऊन आपली पट्टी वर धरली. त्यांनी ती ओढली. शिवण हलली नाही. पुन्हा ओढली. टाके एका ओळीत, जसेच्या तसे. आजोबा खाली पाहत काहीतरी म्हणाले.

"ते म्हणतायत," बाई म्हणाल्या, "आमच्या मातीचं काम फार संथ चालतं. एवढे दिवस झाले, तरी तुमची शिवण अजून उसवलेली नाही. मास्तरांना वाईट वाटणार नाही ना?"

मास्तर खुर्चीवरून उठले. सदरा नीट केला. दाराकडे, रस्त्याच्या त्या टोकाला असलेल्या आपल्या पाटीच्या दिशेने, एकदा पाहिले.

"त्यांना म्हणावं, मुळीच काळजी करू नका," ते म्हणाले. "पुन्हा पुरा. उसवेल. आमची गॅरंटी आहे. आणि तोवर तो स्वेटर पार्सलने पाठवून द्या, मी रफू करून देतो."

"पक्कं रफू हं," काकू म्हणाल्या. "नाहीतर आता कच्च्याच्या सवयीने मेण विसराल."